दोन अहवालांतलं एकच मांजर

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त मनातल्या मनात). तुझी शुगर काय म्हणते? वहिनींचा आवाज बसल्याचं काकूंकडून कळलं. बसणारच. नव्या विद्यार्थ्यांपुढे 'संशोधनातील सचोटी' या विषयावर इतका वेळ बोलायचं म्हणजे घशाला कोरड पडतेच. (समोर बसले असते तर मलाही पडली असती.) चिरंजीवांस आशीर्वाद.

मी ठीक आहे. पाणी तपासणीच्या त्याच प्रयोगशाळेत, त्याच खिडकीपाशी, त्याच बाटल्या हलवते आहे. फरक इतकाच, की जिला मी बाटलीवर चिठ्ठी कशी चिकटवायची हे शिकवलं, ती आता माझी साहेब झाली. तिच्याकडे पुढची पदवी आहे, माझ्याकडे नाही. बिचारी अजून मला ताईच म्हणते, पण रजेचा अर्ज तिच्याच टेबलावर ठेवावा लागतो. तेव्हा म्हटलं, केस पुरते पांढरे व्हायच्या आत आपणही एम.एस्सी.ला अर्ज टाकावा.

अर्जात एक प्रश्न असतो. पूर्वी गैरप्रकाराबद्दल तुमच्यावर कारवाई झाली आहे का, असल्यास खुलासा करा. खुलाशाला जागा तीन ओळींची. (ज्याने ती आखली, त्याला चुलतभाऊ नसावेत.) बाबा म्हणाले, सरळ 'नाही' लिही, इतक्या वर्षांनी कोण उकरून काढतंय? आई म्हणाली, 'हो' लिही, पण अक्षर बारीक काढ. मी 'हो' लिहिलं, आणि चांगलं ठळक लिहिलं. गुणपत्रिकेवर शिक्काच आहे, तो काय खोडरबराने जातो?

तुला सोयीचं तेवढंच आठवतं, म्हणून बाकीचं मी आठवून देते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी तापाने अंथरुणाला खिळले होते आणि विहिरीच्या पाण्याचा अहवाल द्यायचा होता. तू मोठ्या मनाने म्हणालास, "तू झोप, मी लिहितो." लिहिलास. त्यावर मी माझं नाव घातलं, तो गुन्हा माझा, त्यात वाद नाही. पण तोच अहवाल तू दुसऱ्या तुकडीतल्या एका मुलीलाही दिलास, हे मला थेट चौकशी समितीकडून कळलं. ती मुलगी म्हणजे आजच्या आमच्या वहिनी. बरं बाबा, दिलास तर दिलास, निदान त्यातलं मांजर तरी काढायचंस! अहवाल खराखुरा वाटावा म्हणून तू लिहिलं होतंस, की पाण्याचा नमुना घेताना विहिरीत पडलेलं मांजराचं पिल्लू रखवालदाराच्या मदतीने बाहेर काढावं लागलं, सबब नोंदीस उशीर झाला. मुली दोन, तुकड्या दोन, पिल्लू एकच. समितीतल्या एका सरांनी मला गंभीरपणे विचारलं, की हे पिल्लू रोज पडत असे काय.

मग तू माझ्या उशाशी बसून रडलास. म्हणालास, आमचं जमलंय, तिच्या घरी कळलं तर लग्न होऊ देणार नाहीत, तू लहान आहेस, तुझं काय, निभून जाईल. तिने अहवाल आधी दिला होता, म्हणून मी समितीला सांगितलं, की तिचा चोरून मीच उतरवला. वहिनी पहिल्या वर्गात पास झाल्या, तुझं लग्न झालं आणि मला शिक्का मिळाला. लग्नाच्या फोटोत मी कडेला होते. (मोठा करून भिंतीवर लावलात, त्यात ती कड कापली गेली आहे. मागच्या खेपेला नीट पाहून आले.)

तर परवा मुलाखतीला गेले. टेबलापलीकडे तिघं. एक सर सारखे पेपरमिंट चघळत होते, एक बाई पेन्सिलीला टोक काढत होत्या आणि मधोमध अध्यक्ष, पुढ्यात माझी जुनी फाईल. त्यात दोन्ही अहवाल! अध्यक्ष म्हणाले, "अहवालात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर या विहिरीतल्या क्षारांचं प्रमाण अगदी सारखंच कसं? ही विहीर कुणी पाहिली तरी होती का?" मी म्हटलं, मी नाही. "मग त्या दुसऱ्या मुलीने?" म्हटलं, ते तिलाच विचारा. तुला शब्द दिला होता ना! बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, की चुकलेल्याला आम्ही जागा देऊ, पण तुम्ही अजून कुणाला तरी पाठीशी घालताय. पेपरमिंटवाल्यांनी निघताना एक गोळी माझ्यापुढेही धरली. त्यानेच मला रडू फुटलं, जिन्यात उभी राहून चांगली हमसून रडले.

असो. तसं माझं काही मागणं नाही, सहज खुशाली कळवावी म्हणून चार ओळी खरडल्या. काकांना नमस्कार. गोड खाणं सांभाळ.

तुझी धाकटी बहीण

ता.क. मागणं आहे. अहवाल मुळात कुणी लिहिला, याबद्दल त्या दुसऱ्या मुलीचं पत्र महिनाअखेरपर्यंत आणलंत तर अर्जाचा विचार करू, असं अध्यक्षांनी सांगितलंय. नाही आणलं तर फाईल बंद, कायमची. वहिनींची नोकरी जायची नाही, फार तर भाषणाचा विषय बदलावा लागेल. दादा, मला राग आहे, फार आहे, आणि तो मी इतकी वर्षं तुमच्या घरी येऊन हसत हसत गिळलाय. आता माझ्याने होत नाही.

ता.क. दुसरा. ते पत्र वहिनींनी स्वतः लिहावं. तू लिहून देऊ नकोस. तू मध्येच मांजर घालतोस.