सोनखड्याचा अर्थ

१ डिसेंबर, सोमवार
आज मारुतीच्या देवळात 'सोनखडा' कादंबरीचा सातवा आणि शेवटचा भाग लावला. सहा भाग मागच्या तीन हिवाळ्यांत झाले. धर्मराज वाचतो, मी अर्थ सांगतो. श्रावणातल्या पोथीला आमची जोडी मिसरूड फुटल्यापासून हीच आहे, तीच पद्धत कादंबरीला लावली. तो ओळीवर बोट ठेवून थांबतो, माझ्याकडं बघतो, मी 'म्हणजे' म्हणून सुरू करतो. आमच्या युसूफ वडगाव गावात वाचणारे पुष्कळ निघतील. अर्थ सांगणारा एकच आहे आणि त्याला बी.पी. आहे. म्हणून ही रोजनिशी. सध्या कुणाला दाखवायची नाही.

शहादेव हॉटेलवाल्यानं सगळ्यांदेखत विचारलं, आबा, तुमी सोता कावून वाचत न्हाई? चष्म्याचा नंबर बदलला आहे हे माहीत असून विचारलं. शाळा चौथीत सुटली त्याचा काही संबंध नाही.

संकल्प: या भागात कुणावर चिडायचं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार
शहादेववर चिडलो.

कारण असं. सोनखडा किल्ला म्हणजे देह. त्याचे नऊ दरवाजे म्हणजे देहाची नऊ द्वारं. किल्लेदार रायाजी म्हणजे जीव, त्याची बायको गोदाई म्हणजे बुद्धी. हे पहिल्या भागापासून बसवलेलं आहे. मध्ये चौथ्या भागात लेखकानं एक चोरदरवाजा काढला, तेव्हा मला दोन दिवस ताप आला होता. पण तोही बसवला. आज पागेतून चार घोडे निघाले. मी म्हणालो, म्हणजे धर्म, अर्थ, काम, मोक्ष. लोकांनी माना हलवल्या. धर्मराजनं पान उलटलं तर मागून पाचवा घोडा आला.

शहादेव म्हणाला, आबा, ह्यो कोन? म्हटलं, हा वाट चुकलेला. तर म्हणतो कसा, तुमचाच असंल.

४ डिसेंबर, गुरुवार
गर्दी चांगली. किल्ल्याला वेढा पडला आहे, टाक्यातलं पाणी आटलं आहे. धर्मा काय वाचतो! आवाज कोरडा, चिरका, मध्येच तुटणारा. ऐकताना आपल्यालाच तहान लागते. दिवाळीपासून तो असाच वाचतोय. वेढा डिसेंबरात येणार हे त्याला दिवाळीला कसं कळलं, हे विचारायचं राहिलं. तयारीचा माणूस.

७ डिसेंबर, रविवार
धर्माची नात वैष्णवी सुट्टीला आली आहे. अंबाजोगाईला मराठी घेऊन एम.ए. करते. कादंबरीचे भाग तीच आणून देते, त्यामुळं तिला बसू द्यावं लागतं.

आजच्या पानांत किल्ल्यावरच्या नगाऱ्याचं कातडं रात्रीच्या दवानं सैल झालं. टिपरी मारली तरी आवाज फुटेना, नुसता धप धप. धर्मा थांबला. मी म्हणालो, म्हणजे हा अहंकाराचा नगारा. वैष्णवी म्हणाली, आबा, प्रतीक असं एका जागी एकच अर्थ धरून बसत नाही, प्रसंग बदलला की ते पण बदलतं. रोज बदलायला लागलं तर माणसानं पाठ काय करायचं? एम.ए.ला हे शिकवतात.

उठताना ती मला बाजूला घेऊन म्हणाली, आजोबांचा आवाज किती दिवसापासून असा हाय? मी म्हणालो, बाळ, तू नगाऱ्याचंच नीट समजून घे.

११ डिसेंबर, गुरुवार
वाईट दिवस. धर्मा दोन ओळी वाचून खोकायला लागला. वैष्णवीनं पुस्तक त्याच्या हातातून घेतलं आणि एका दमात प्रकरण संपवलं. मध्ये बोट ठेवणं नाही, थांबणं नाही. मी 'म्हणजे' तोंडात घेऊन बसून राहिलो. लोक मात्र शेवटपर्यंत बसले. एरवी अर्थ सुरू झाला की निम्मे तंबाखू मळायला बाहेर जातात, कारण अर्थ पचवायला वेळ लागतो.

घरी येताना डोक्यात आलं: धर्मानं हे ठरवून केलं असेल का? नातीला गादीवर बसवायचं म्हणून खोकला. चाळीस-पन्नास वर्षांची जोडी. बी.पी.ची गोळी घेतली.

१३ डिसेंबर, शनिवार
स्पष्ट बोलायचं म्हणून त्याच्याकडं गेलो. तो गोठ्यापाशी बसला होता. माझं बोलून व्हायच्या आत म्हणाला, अंग्या, गिळताना दुखायलंय. वैष्णवी दवाखान्यात चल म्हनती.

मी समजावलं. थंडी आहे, घसा धरतोच. ज्येष्ठमध चघळ. आणि लावलेलं वाचन मध्ये सोडत नाहीत. सोनखडा पडू दे, मग आपण दोघं जाऊ. तो लगेच हो म्हणाला.

बरं वाटलं. मग घरी आल्यावर वाटलं, इतक्या लवकर हो म्हणायला नको होतं. हा माणूस बैल घेताना आठ दिवस हो म्हणत नसे.

ज्येष्ठमध मीही चघळतो आहे. उगाच घसा दुखल्यासारखा वाटतो.

१७ डिसेंबर, बुधवार
पोपटानं घात केला. गोदाईच्या पिंजऱ्यातला पोपट म्हणजे रायाजीचा प्राण, हे मी पाचव्या भागात जाहीर सांगितलं होतं. पोपट गेला की रायाजी गेला. आज मांजरानं पोपट खाल्ला आणि रायाजी हात धुऊन जेवायला बसला. भाकरी, ठेचा, वर ताक.

देवळात लई हसले. शहादेव म्हणाला, आबा, प्रान गेला तरी भूक ऱ्हाती म्हना की. धर्माही हसला, पण त्याचं हसू ऐकू आलं नाही. नुसते खांदे हलले.

लेखकाला पत्र टाकावं असं मनात आहे. त्यानं पुढं बघून लिहायला हवं होतं.

२० डिसेंबर, शनिवार
जेवताना बायकोचं आणि माझं वाजलं. सुंदरबाई म्हणाली, अवो, त्या मानसाच्या नरड्याला गाठ हाय. भायेरून दिसती. मी म्हणालो, गाठ म्हणजे, आणि घोट घ्यायला थांबलो. तर भाकरी टोपल्यात टाकून म्हणाली, हितं तुमचं म्हनजे-बिनजे काय न्हाई. गाठ हाय. साऱ्या गावाला दिसती. तुमी रोज त्याच्याच तोंडाकडं बघून बसता, तुमाला कशी दिसना?

मी त्याच्या बोटाकडं बघतो. अर्थ सांगणाऱ्यानं ओळीवरच्या बोटाकडं बघायचं असतं.

भाकरी उरली. ॲसिडिटी असावी.

२२ डिसेंबर, सोमवार
वैष्णवीनं धर्माला जीपमध्ये बसवून अंबाजोगाईला नेलं. मला चला म्हणाली होती. मला सर्दी होती. सर्दी घेऊन दवाखान्यात जाऊ नये, तिथं आजारी माणसं असतात.

आज वाचन नाही. देवळात एकटा बसलो. पुजाऱ्यानं विचारलं, आबा, काय इसरलं काय?

२७ डिसेंबर, शनिवार
रिपोर्ट आला. नाव घेत नाही. आवाजाची पेटी काढावी लागणार. पेटी काढली की जीव वाचेल, आवाज नाही. गळ्याला भोक ठेवणार, श्वास त्यातूनच. वैष्णवी सांगत होती आणि मी मनात दरवाजे मोजत होतो. नऊच्या पुढं एक. काय माणसाचं डोकं असतं.

डॉक्टर म्हणाले, आधी आणायला पाहिजे होतं. डॉक्टर सगळ्यांनाच तसं म्हणतात. ती त्यांची बोलायची पद्धत असते.

म्हणजे दिवाळीला आणायला हवं होतं की १३ डिसेंबरला, हे वैष्णवीला विचारावं असं दोनदा वाटलं. विचारलं नाही. ती कामात होती.

३० डिसेंबर, मंगळवार
ऑपरेशनला दोन तारखेचा नंबर लागला आहे. मी ठरवलं, धर्माचा आवाज आहे तोवर कादंबरी संपवायची. हळू हळू का होईना. त्याच्याच तोंडून शेवट, माझ्या तोंडून अर्थ. पुस्तक घेऊन गेलो.

तो म्हणाला, उरलेला आवाज त्या रायाजीवर घालवू व्हय बे?

दिवसभर शहादेवच्या हॉटेलात बसला आणि बोलला. कुजबुजल्यासारखं, पण बोलला. शहादेवला चहात पाणी जास्त म्हणून शिव्या दिल्या. शेळीला नावानं हाक मारली. जेवायला बोलवायला आलेल्या सुनेला म्हणाला, पोरी, तुझी आमटी चांगली असती, मी कदी म्हनलो न्हाई. मी चौकातून जात होतो तर मला अंग्या म्हणून हाक मारली. गेलो. काय काम होतं? म्हणाला, काय न्हाई, असंच. परत निघालो तर परत हाक. परत असंच.

याचा अर्थ लागला नाही.

निघताना म्हणाला, शेवट तू वाच. मला दवाखान्यात येऊन वाचून दाखव. म्हटलं, धर्मा, चष्म्याचा नंबर. तो म्हणाला, चष्मा कायचा बे, जोडाक्षर म्हन की.

हे त्याला माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

३ जानेवारी, शनिवार
ऑपरेशन झालं. नीट झालं असं वैष्णवीनं फोनवर सांगितलं. धर्माला फोन दे म्हणालो आणि मग आठवलं. ती म्हणाली, कानाला लावते, तुमी बोला. थंडी लई पडली, एवढं म्हणालो.

संकल्प: उद्यापासून मोठ्यानं वाचायचा सराव. आठवड्यात तयार होऊन अंबाजोगाईला जायचं आणि शेवटचं प्रकरण खणखणीत वाचायचं.

४ जानेवारी, रविवार
सराव केला. तटबंदी जमली. बुरूज जमला. शस्त्रास्त्रांशी अडलो. सुंदरबाई धान्य पाखडत ऐकत होती. म्हणाली, तेवढं सोडून पुढं जावा, लढाई काय थांबत न्हाई.

८ जानेवारी, गुरुवार
उद्या जाणार.

९ जानेवारी, शुक्रवार
गुडघा.

१२ जानेवारी, सोमवार
एस.टी. डोळ्यांदेखत निघून गेली. पळालो असतो तर मिळाली असती, पण मग तिकडं दमून पोचलो असतो आणि वाचन बिघडलं असतं. शहादेव हॉटेलातून बघत होता. एरवी तो काहीतरी बोलतो. आज चहा दिला आणि त्यात पाणी कमी होतं.

१३ जानेवारी, मंगळवार
वैष्णवीचा फोन. आजोबा रोज दाराकडं बघत्यात.

गोळी घेतली. ही बी.पी.ची की ॲसिडिटीची, बघायचं राहिलं.

१५ जानेवारी, गुरुवार
आज गेलो. सुंदरबाईनं तिळाच्या वड्या दिल्या होत्या, धर्माला चालत नाहीत, नाकातून नळी आहे. वैष्णवीला दिल्या.

धर्मा बारीक झाला आहे. गळ्यावर पांढरी पट्टी, मध्ये नळी, तिच्यातून श्वासाची शिट्टी वाजते. मला बघून त्यानं तोंड हलवलं. अंग्या म्हणाला. ऐकू आलं नाही, दिसलं.

पुस्तक काढलं. वैष्णवी म्हणाली, आबा, मी वाचू का? धर्मानं मान हलवून नको म्हटलं. माझ्याकडं बोट केलं.

वाचायला लागलो. बोट ओळीवरून सरकवत, शाळेतल्या पोरासारखं. 'प्रत्युत्तर'ला तीनदा अडखळलो. शेजारच्या खाटेवरच्या नवऱ्यापाशी चकलांबा गावच्या बायनाबाई बसल्या होत्या. त्या आणि नवरा दोघंही कान देऊन बसले. एका ठिकाणी मी थांबून म्हणजे म्हणालो, तर बाई म्हणाल्या, आबा, अर्थ मागून सांगा, आधी त्या माणसाचं काय झालं ते वाचा. धर्माचे खांदे हलायला लागले. नळीत शिट्ट्या वाजल्या. नर्स आली आणि म्हणाली, पेशंटला हसवू नका, टाके आहेत. मी हसवत नव्हतो.

पान उलटलं. किल्ला पडायचा आदला दिवस. खाली तोफा लावून झाल्या आहेत. गोदाई सकाळी उठली, तिनं धुणं धुतलं आणि तटावर वाळत घातलं. पाणी कुठून आणलं ते लिहिलेलं नाही. एवढीच ओळ.

धर्मानं सलाईनचा हात हळूच उचलला आणि बोट त्या ओळीवर ठेवलं. माझ्याकडं बघितलं. नेहमीसारखं.

मी म्हणालो, म्हणजे.

गोदाई बुद्धी होती. तट देहाचा होता. धुणं कशाचं ते येईना. मी परत म्हणजे म्हणालो. त्याचं बोट तिथंच. पातळ झालेलं बोट, नखाला निळं पडलेलं. मी पहिल्यांदा बोटावरून वर बघितलं. त्याच्या तोंडाकडं, मग पट्टीकडं, मग परत तोंडाकडं. तो वाट बघत होता.

मी म्हणालो, म्हणजे ऊन पडलं होतं, धर्मा. म्हणून तिनं धुणं वाळत घातलं.

त्यानं मान डोलावली. बोट उचललं, पुढच्या ओळीवर ठेवलं.

बायनाबाई म्हणाल्या, हां. ह्यो अर्थ कळला.