हातभर कमी

रवि. ३ नोव्हें. ८५
पूजा आटोपून बाहेर आलो तर गाडीच्या काचेवर तीन अंडी फोडलेली. घाईने गरम पाणी ओतलं, ती तिथेच शिजली. सुमन दारातून: "आता मीठ-मिरची आणू का?"
दोन कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याला अजून तेरा दिवस. यंदा लवकर सुरू झालं.
अंडी कोणाची ते कळायला मार्ग नाही. पलीकडच्या कॉलेजची पोरं असतील, कारण मी इथे शिकवतो. किंवा आमच्याच वर्गातली, कारण आमचा मुलगा अजित तिकडून खेळतो. दोन्ही बाजूंनी कारण असलेला गावात मी एकटाच.
खरवडून काढलं. हात गारठले.

सोम. ४ नोव्हें.
प्रसिद्धी खात्यातला बिल खोलीत आला. सामन्याच्या पुस्तिकेतलं माझं पान पुढच्या सोमवारी हवं. दहावं वर्ष. दोन्ही संघांचे आकडे, कोण कुठे भारी, काय होईल. गणिताच्या माणसाने लिहायचं हा इथला रिवाज, माझ्या आधी दुसरा होता.
बिल म्हणाला, "गेल्या वर्षीसारखंच झणझणीत लिही. ते पान त्यांनी ड्रेसिंग रूममध्ये चिकटवलं होतं, ठाऊक आहे ना? तुझ्या पोराचा पाय तिथेच लटपटला."
हसला. मीही हसलो. का हसलो?
गेल्या वर्षी शेवटच्या मिनिटाला अजितची तीन गुणांची किक दोन खांबांच्या बाहेरून गेली. आम्ही दोन गुणांनी जिंकलो, झाकण इथेच राहिलं. चुलीचं बिडाचं झाकण, कधीकाळी एकमेकांच्या मुदपाकखान्यातून पळवलेलं. जिंकेल त्याच्याकडे वर्षभर. दोन कॉलेजं, सगळी शिकलेली माणसं, आणि एका झाकणासाठी नव्वद वर्षं भाऊबंदकी.

बुध. ६ नोव्हें.
सराव पाहायला गेलो. आमची पुढची फळी वजनदार, चेंडू हातात धरून रेटत नेतात. हवेतून फेकायचं काम कच्चं. पलीकडच्यांचं उलटं. पाऊस पडला तर आम्ही, कोरडं राहिलं तर ते.
आमचा कोच हॅलोरन कुंपणापाशी आला. कोणाशीही बोलताना तो मैदानाकडेच बघतो. "डॉक, तुझ्याकडे वही आहे म्हणे. पोराची प्रत्येक किक त्यात."
आहे म्हणालो. खोटं कशाला बोलू.
"कोणत्या बाजूने चुकतो तो?"
"पुस्तिकेत येईल ते सगळ्यांसाठी येईल," मी म्हणालो.
"तू पगार कुठे घेतोस, डॉक?" एवढं बोलून गेला. शिट्टी इतक्या जोरात फुंकली की माझ्यासाठीच होती.

शुक्र. ८ नोव्हें.
एकादशी. उपास. दुपारी तास नव्हता, वही काढून बसलो. इथल्या शाळेपासूनच्या किक. तारीख, अंतर, वारा, आत की बाहेर. रेघा हाताने मारलेल्या, गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवल्या तशा. हा खेळ मला अजून नीट कळत नाही. मोजता येतं, म्हणून मोजत आलो.
आज स्वतःशी लिहून ठेवतो. गेल्या वर्षीचं पान खोटं होतं.
आकडा खोटा नव्हता. अजितच्या जवळच्या किक मी धरल्या नाहीत. इतक्या जवळून कोणीही मारील, असं मनाशी म्हटलं. चार होत्या, चारही आत. आमच्या किकरच्या जवळच्या मात्र सगळ्या धरल्या. कारण एकच. बापाने लेकाचं कौतुक छापलं असं कोणी म्हणू नये. आपल्या पोराबद्दल चारचौघांत बोलायचं ते कमीच करून बोलायचं, आमच्याकडे सगळे असेच बोलत. परीक्षेत पहिला आलो तरी आई म्हणायची, कसाबसा पास झाला.
पण ते अंगणात. छापून नव्हे.
माझे वडील, नाना, आठवले. मोजणीदार गावात आला की जमीन मोजायची साखळी नाना धरत. त्या दिवशी बांधावरून भांडणाऱ्या दोन्ही घरचं पाणी पीत नसत. दोन्ही बांधांवर तांब्या भरून ठेवलेला, नाना उन्हात तसेच. पुढे दामूअण्णांचा, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाचाच, बांध निघाला. भावाकडे झुकले असं होऊ नये म्हणून नानांनी त्या अंगाला साखळी जरा सैल धरली. कागदावरचं माप आधीच भरलं, भावाला हातभर रान कमी मिळालं. दामूअण्णा मरेपर्यंत नानांशी बोलले नाहीत. नाना शेवटपर्यंत म्हणायचे, मी न्याय केला.
हे मी अजितला लहानपणी सांगायचो. न्यायाची गोष्ट म्हणून.
संध्याकाळी भगर बेचव. मिठाचा दोष नसावा.

शनि. ९ नोव्हें.
डॉ. वानखड्यांकडे दिवाळीचं जेवण, शहरात, चाळीस मैल. पंधरा-वीस कुटुंबं. वानखडे नागपूरचे, मोठ्याने बोलतात.
"का हो, पोरगं फुटबॉल खेळते म्हणे? अन् तेही तुमच्याच विरुद्ध? मायबाप इकडे, पोरगं तिकडे, महाभारतच झालं की बाप्पा!"
सगळे हसले. मी सवयीप्रमाणे, "काही नाही हो, बाजूला उभा असतो. अधूनमधून लाथ मारतो चेंडूला."
सुमनने हातातली पुरणपोळीची ताटली खाली ठेवली. सगळ्यांसमोर म्हणाली, "यंदा तेरातल्या अकरा आत घातल्यात त्याने. त्यांच्या सगळ्या विभागात पहिला आहे. यांना पाठ आहे. सांगणार नाहीत."
वानखड्यांची बायको: "अगंबाई! मग काय लाजायचं त्यात काका?"
परतताना गाडीत सुमन खिडकीबाहेर बघत होती. पुलावर आल्यावर म्हणाली, "परक्यांसमोर नमतं घ्या. त्याला कशाला वाकवता दर वेळी?"
वायपर लावला. पाऊस नव्हता.

रवि. १० नोव्हें.
पलीकडे अजितला फोन लावला. ऑगस्टनंतर पहिल्यांदा मी स्वतः. ऑगस्टमध्ये वही त्याच्या हाती लागली होती. जेवणाच्या टेबलावर गेल्या वर्षीचं पान आणि वही शेजारी शेजारी ठेवून त्याने बोटाने दाखवलं होतं, एक, दोन, तीन, चार. मी म्हणालो होतो, भात गार होतोय. तो उठून गेला. त्यानंतर घरी आलेला नाही.
रूममेटने हाक मारली. बराच वेळ कोणी आलं नाही. मग तो.
मी मराठीत, तो इंग्रजीत, नेहमीसारखं.
"दिवाळी आहे. येतोस का मंगळवारी?"
"वुई हॅव प्रॅक्टिस."
"पान लिहितोय."
म्हणाला, "काउंट व्हॉटेव्हर यू वॉन्ट, बाबा. अख्ख्या टीमने माझ्या तोंडावर वाचलं होतं ते. कोणी म्हणालं, तुझा स्वतःचा बाप."
"मला पक्षपात नको होता."
"राइट. यू अँड युअर फादर्स वॉटर." ठेवला.
आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं.
जपाला बसलो. माळ दोनदा मेरुमणी ओलांडून पुढे गेली, लक्षात आलं नाही.

सोम. ११ नोव्हें.
पान दिलं. नक्कल इथे, थोडक्यात:
आमची धाव त्यांच्यापेक्षा सरस. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, आमच्यापेक्षा शांत. दोन्हीकडचा बचाव सारखा. हवा कोरडी राहील असा अंदाज. सामना तीन गुणांच्या आत सुटेल, आणि तसं झालं तर निकाल एका पायावर, त्यांच्या किकरच्या. या मोसमात तेरापैकी अकरा. जवळच्या धरून. या विभागात त्याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही.
खाली वेगळी ओळ: 'गेल्या वर्षी या पानावर मी त्याच्या चार यशस्वी किक गाळल्या होत्या. दुसऱ्या कोणाच्या गाळल्या नव्हत्या. चूक माझी.'
बिलने उभ्यानेच वाचलं. "हे काय आहे?"
"आकडे."
"झाकणाच्या आठवड्यात आपण त्यांची माफी मागायची? आपल्याच पुस्तिकेत?"
"त्यांची नाही."
"मग कोणाची? पोराची? ते घरी माग ना, प्रोफेसर. टेलिफोन आहे."
ओळ राहिली नाही तर पान परत दे, म्हणालो. बघतो म्हणाला. बघतो म्हणजे काय ते सगळीकडे सारखंच.

मंगळ. १२ नोव्हें.
लक्ष्मीपूजन. घरात दोघंच. पणत्या आतल्या खिडकीत ठेवल्या, बाहेर वारा.
सकाळी वर्गातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत: दोन्ही घरी जेवणारा. खाली उंटाचं चित्र. उंट का, कळलं नाही. आमच्या भागात उंट मीही क्वचितच पाहिलेला.
पुसलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने मान खाली घातली. बाकीचे माझ्याकडे बघत होते, आता काय करतो म्हणून. मालिकांची बेरीज शिकवली. खडू तेवढा मोडला.

बुध. १३ नोव्हें.
पाडवा. सुमनने ताम्हण हातात घेतलं आणि तशीच थांबली. "ओवाळते. आधी एक सांगा. ती ओळ त्यांनी काढली तर?"
"काढतील."
"मग ती मला लिहून द्या. सहीसकट."
दिली. मराठीत लिहायला घेतलं, मग तो वाचील का, म्हणून इंग्रजीत. मग पुन्हा खाली मराठीत. तिने ओवाळलं.
दुपारी ती एकटीच पलीकडे गेली. चिवडा, बेसनाचे लाडू, वर घडी केलेला कागद. पाचला परत.
डबा घेतला त्याने. कागद उघडला नाही, जॅकेटच्या खिशात घातला. तिला पार्किंगपर्यंत सोडायला आला. त्यांच्याकडची दोन पोरं ओरडली, "हेराची आई आली!" अजित वळून त्यांना काहीतरी बोलला. काय, ते सुमनला कळलं नाही. "पण पोरं गप्प बसली," एवढंच म्हणाली.
"माझ्याबद्दल काही?"
"विचारलं, तुम्ही यंदाही मैदानावर साखळी धरणार का."

शुक्र. १५ नोव्हें.
पुस्तिका आली. पान आहे. ओळ नाही. वर बिलचं शीर्षक: 'प्रोफेसर बाबा विरघळले!' माझा तोच जुना फोटो.
म्हणजे आता कौतुक तेवढं छापलंय, कबुली नाही. ज्याने कागद उघडला नसेल त्याला काय वाटेल? गेल्या वर्षी खाली ढकललं, यंदा उचलून डोक्यावर घेतलं. दोन्ही वेळा बापाची मर्जी.
बिलच्या खोलीत गेलो, आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर हात आपटला. बिल चमकला. मीही. "पुढच्या वर्षी दुसरा कोणी शोध," म्हणालो. तो म्हणाला, "शोधलाय."
तिथून हॅलोरनकडे बोलावणं. चेंडू दहा यार्ड पुढे गेला का ते मोजायची साखळी असते, अकरा वर्षं तिचं एक टोक मी धरतो. साखळीवाले उभे राहतात पाहुण्या संघाच्या बाजूला, त्यांच्या बाकापासून दहा-बारा पावलांवर. तीन तास.
"काढायला पाहिजे तुला," हॅलोरन खिडकीकडे बघत म्हणाला. "नियमाने त्यांच्या कोचला विचारावं लागलं. तो म्हणतो, आमची हरकत नाही." ही गोष्ट त्याला सर्वांत जास्त लागली होती. "उभा राहा. पण पोराशी एक शब्द बोललास तर त्याच क्षणी साखळी काढून घेईन, चार हजार लोकांसमोर."
"साखळी धरताना मी कोणाशीच बोलत नाही," म्हणालो.
"मग काय करतोस?"
"ताणून धरतो."

शनि. १६ नोव्हें. मैदानावर, १२.४०
लहान वहीत लिहितोय, साखळीच्या पेटीवर बसून. ऊन आहे, वारा पश्चिमेचा, फारसा नाही. अंदाज बरोबर.
आमच्या बाजूला झाकण मिरवतायत, भांडी बडवतायत. सुमन दोन्ही स्टँडमध्ये बसली नाही. टोकाला, खांबांमागे, कुंपणाला धरून उभी. निळी शाल.
आत येताना आमच्याच स्टँडमधून कोणीतरी, "ए बाबा, कोणाचा रे तू?" मागोमाग हशा. वळलो नाही.
अजित सरावाला बाहेर आला. माझ्याकडे बघितलं नाही. जॅकेट बाकावर टाकलं. तेच जॅकेट. खिसा इथून दिसतो, कागद दिसत नाही.
लिहितो:
२० यार्ड, आत.
२० यार्ड, आत.
२५, आत.
३५, डावीकडून, आत.
४०, बाहेर. जराशी.
४०, आत.
सगळ्या धरल्या.
पायात जोर आहे. मारण्याआधी दोन पावलं मागे, एक बाजूला, मग क्षणभर मान खाली. ही मान मी वहीत कधी लिहिली नव्हती. शाळेत जाताना देवापुढे अशीच घालायचा, घाईघाईने.

१२.५५
सराव संपला. बाकीचे आत गेले. तो त्यांच्या पाण्याच्या टेबलापाशी थांबला. कागदी पेला भरला. वाटलं, पिईल.
सरळ माझ्याकडे चालत आला. दहा-बारा पावलं. मी उठलो. हॅलोरन समोरच्या कडेवरून बघत होता, आमचा सगळा स्टँड बघत होता, कोणीतरी 'बू' सुरू केलं, मग सगळ्यांनीच.
तो काही बोलला नाही. मीही नाही. नाकपुड्या फुललेल्या, रागाने की धावून, सांगता येत नाही. पेला पेटीच्या कडेवर ठेवला, माझ्या वहीशेजारी. माझ्या डोळ्यांत बघितलं, नीट, ऑगस्टनंतर पहिल्यांदा. आणि गेला.
पेला काठोकाठ भरलेला. वाऱ्याने पाणी हलतंय. तो आत गेलेला नाही, बोगद्याच्या तोंडाशी पाठमोरा उभा आहे, हेल्मेट काखेत.
पंचाने हात वर केला. साखळी उचलायची आहे. साखळीच्या दिवशी नाना पाणी पीत नसत.