दोन्ही बाजूंचे दोर

मंगळवार, संध्याकाळ

आज जेवताना आईने पुन्हा तेच काढलं. "सून फटफटीवर बसून खर्ड्याला गेली, म्हनून पोटातलं गेलं." सविता ताट तसंच ठेवून आत गेली.

किती वेळा सांगायचं? डॉक्टरबाई म्हणाल्या, गर्भाच्या तपासणीत एक गुणसूत्र जास्त निघालं. पेशीची वाटणी होताना प्रत्येक गुणसूत्राला दोन्ही बाजूंनी बारीक दोर जोडले जातात. शेवटचं नीट जोडलं जाईपर्यंत पेशी थांबते. तरी कधी एखादं निसटतं. त्यात दोष कुणाचाच नाही.

आईला म्हटलं, "मी टेम्पोत कांद्याच्या गोण्या बांधतो ना, तसंच. दोन्ही बाजूंचे दोर ओढून बघितल्याशिवाय टेम्पो हलवतो का मी?"

"न्हाई. धा येळा वढून बघतोस. तरी परवा गोनी पडलीच की!"

"पडली ना? मग तेव्हा मला का नाही बोललीस?"

आईने मान डोलावली. वाटलं, पटलं. मग म्हणाली, "गोनीचं येगळं."

डोकं उठलं नुसतं! दोर मी बांधले होते, मीच तपासले होते, तरी मला कुणी बोललं नाही. सविताच्या हातात तर एकही दोर नव्हता. हे तेव्हा का सुचलं नाही? आता सुचतंय. आईला उद्या सांगेन. आधी आत जाऊन सविताला सांगतो.