दोन दारांचं चित्र आणि चामोर्शीचं घर

मी, घनश्याम झाडूजी नागपुरे, धंदा फिरत्या तंबूतला सिनेमा, राहणार चामोर्शी, जिल्हा चांदा, हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. दुखणं छातीचं आहे, डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, दारूही पाजलेली नाही.

कलम पहिले. तंबू, बांबू, दोर आणि कर्णा भैयाजी बोरकुटे यांस द्यावे. सिनेमाचं मशीन त्यांच्याकडे आहेच. आम्ही भागीदार होतो. ते मशीन चालवीत, मी कर्ण्यावरून हिंदी चित्राची गोष्ट आपल्या बोलीत सांगत असे. आमची भागी बाईवरून मोडली असं गावात बोलतात. ते खोटं आहे. ती एका चित्राच्या शेवटावरून मोडली.

मार्कंड्याच्या जत्रेत आम्ही खुनाचं चित्र लावलं होतं. एका मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, खून होतो. संशय बायकोवर आणि धाकट्या भावावर. शेवटी फौजदार गल्लीत येतो. डावीकडे भावाचं दार, उजवीकडे बायकोचं. तो कडी वाजवायला हात उचलतो आणि चित्र संपतं.

लोक उठेनात. रीळ कापलं म्हणून ओरड झाली. भैयाजी पुढे येऊन म्हणाले, "चित्र एवढंच आहे. खुनी कोन, ते तुमी आपल्या मनात ठरवा."

मागून एक जण म्हणाला, "मनातच पाहाचं होतं त तिकीट काऊन घ्याचं?"



खुनी म्हणून भावाचं नाव सांगून लोकांना वाटेला लावावं म्हणून मी कर्णा उचलला. तेवढ्यात पुढे बसलेली एक बाई उठली आणि तिनं कर्ण्याच्या तोंडावर हात ठेवला.

"नाव नोका घेऊ, भाऊ," ती म्हणाली. "माह्या मालकाले कोनं मारलं, पोलिसायले समजलं नाई. गावानं माहं नाव घेतलं. आता तेच खरं झालं."

ती जंगलाकडच्या गावची बुधरी मडावी. मी कर्णा खाली ठेवला. लोक शिव्या देत गेले.

दुसऱ्या दिवशी तेच लोक परत आले, सोबत आणखी घेऊन. तंबू उघडायच्या आधीच वैनगंगेच्या रेतीत डावं दार की उजवं, यावर भांडणं लागली होती. भैयाजी म्हणाले, "पाहा, समाधान झालं म्हनून आले."

मी म्हणालो, "अर्धपोटी मानूसबी पंगतीत परत बसते."

यावर भागी मोडली. त्यांनी मशीन नेलं, मी तंबू. पुढे मी तंबूत दंडारी, म्हणजे आपल्याकडची नाचगाण्याची खेळं, लावल्या. ते मशीन घेऊन उघड्यावर पाऊस चुकवत हिंडले. माझं मत कायम आहे: तिकीट काढून आलेल्याला खुनी दाखवलाच पाहिजे. भैयाजींनी ते मान्य करण्याची अट नाही. आमचा वाद अर्धाच राहिला आणि त्यानं माझं समाधान झालेलं नाही, एवढं त्यांनी लक्षात ठेवावं.

कलम दुसरे. माझं राहतं घर, स्वकष्टानं बांधलेलं, परसातल्या बोरीसह, वर लिहिलेल्या बुधरी मडावी यांस द्यावे. जत्रेनंतर गावानं त्यांना परत घेतलं नाही. त्या तंबू शिवायला आल्या, मग दारावर तिकिटं फाडू लागल्या, आणि मी अंथरूण धरल्यापासून माझं सगळं त्याच करतात. त्या मला भाऊ म्हणतात, मी त्यांना बाई म्हणतो. याहून जास्त कोणी काही म्हणू नये.

पुतण्या बाबुलाल हरकत घेईल. तो मला तोंडावर म्हणाला आहे, "काका, नवऱ्याले खानारी बाई आहे ते. घर देऊन राह्यले तिले?" लोक काय बोलतात ते ऐकून, समजून मी हे घर देत आहे. बाबुलाल यास माझी सायकल द्यावी. तिची घंटा वाजत नाही.

कलम तिसरे. वरील मजकूर लच्छू शेंडे यांनी माझ्या सांगण्यावरून लिहिला. तो वाचून दाखवत असता बुधरीबाई चुलीजवळून उठून उंबऱ्यात आल्या व म्हणाल्या, "भाऊ, इतक्या वर्सांत माह्या मालकाचं तुमी मले कधी विचारलं नाई. आता विचारलं त सांगीन."

लच्छूनं कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "बाई, भात मांडा. लच्छू बी जेवते."

त्या आत गेल्या. हेही लिहून ठेवावे, असे मी सांगितले.

वाचून ऐकले, बरोबर आहे.

सही: घनश्याम झाडूजी नागपुरे

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. लच्छू शेंडे (लिहिणार)
२. सुकलू मेश्राम, शेजारी (डाव्या अंगठ्याचा ठसा)

मुक्काम चामोर्शी, दिनांक ११ मार्च १९५८