तुटक्या चोचीचा मोर

ती. आईस मनालीचा बडोद्याहून नमस्कार.

मांजलपूरच्या खोलीवर मी मजेत आहे. मेसमधलं वरण गोड असतं, पण आता सवय झाली. बाबांचा गुडघा कसा आहे? फोनवर ते शेजारीच बसलेले असतात, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या चित्रपट महोत्सवात एका बंद पडलेल्या थिएटरातलं जुनं रीळ आलं आहे. त्यावर नाव नाही, गाव नाही. महोत्सवाच्या प्रमुख कौमुदीताई म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत गाव शोध, नाहीतर ते परत पेटीत जाईल." मला ते दाखवायचंच आहे. देशाचा सिनेमा म्हणजे काय फक्त मोठ्या शहरांचा?

रिळात एक घर दिसतं. दारावर दोन मोर कोरलेले, एकाची चोच तुटलेली. लहानपणी दगड मारून ती तूच तोडलीस ना? धरणात गेलेलं तुझं घर मी कधी पाहिलं नव्हतं, तरी लगेच ओळखलं.

सोमवारी पाहिलं तेव्हा दाराला बाहेरून कडी होती. काल कडी निघालेली होती. आज दार अर्धं उघडं होतं. प्रोजेक्टरवाले विश्रामभाई हसले, "बेन, रीळ तेच आहे. तुम्ही जरा झोप काढा." मला झोप नीट लागते, काळजी करू नकोस.

रिळाच्या नोंदीच्या फॉर्मवर गावाचं नाव मी अजून लिहिलेलं नाही. गाव सोडताना कडी तूच लावली होतीस. तेव्हा आत कोणी राहिलं होतं का? फोनवर फक्त हो किंवा नाही म्हण.

तुझी,
मनाली