आमची प्राजू कप्तान

मंगळवार, दिवे लागल्यावर

शेवटी प्राजूचा फोन आला. नात माझी, छोट्या शिडाच्या होडीची कप्तान. नवरा तिच्या हाताखाली खलाशी. पोचली म्हणे त्या बेटावर. नाव मला लिहिता येत नाही.

पण पोचलं तरी उतरता येत नाही. परक्या बंदरात पिवळा बावटा लावून थांबायचं. कस्टमचे शिक्के होईपर्यंत फक्त कप्तानाने किनाऱ्यावर जायचं, बाकीच्यांनी होडीतच. शिक्का नाही मिळाला तर चालते व्हा. आणि यांचं प्यायचं पाणी संपत आलेलं.

कचेरीतला साहेब हिला म्हणाला, "कप्तानाला पाठवा." ही म्हणाली, "आलेय." तो म्हणाला, "नवऱ्याला बोलवा." ही म्हणाली, "तो उतरला तर तुम्हीच दंड लावाल." आणि आधीच्या बंदराचा कागद पुढे सरकवला. त्यावर कप्तान म्हणून हिचंच नाव. मारले शिक्के. उतरला पिवळा बावटा.

भांडली नाही, रडली नाही. कुणाच्या वळणावर गेली? माझ्या तर नाही. मी टेबल उलटं केलं असतं. पण मला सासऱ्याने खाडीतल्या होडीचं वल्हंसुद्धा धरू दिलं नाही.

मग फुलपाड्याहून प्राजूच्या सासूचा फोन. "माझ्या मुलाला होडीत बसवून ठेवलं म्हणे?"

म्हटलं, "बाकीचे नवरे सोफ्यावर बसतात, तुमचा होडीत बसला. सून कप्तान आहे, सांगा की चार जणींना."

"अख्ख्या बिल्डिंगला सांगून झालं, विहीणबाई."

आणि मी अजून शेजारीही गेले नाही. उठते आता.