टिकलीला साज कोणी चढवायचा

मी, लवू भिकाजी तोरसकर, वय बहात्तर, राहणार चिंचपोकळी, मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या मर्जीने आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. बायकोला तो मान्य नाही, पण कायद्याला बायकोचा दाखला लागत नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट घरातले सगळे "अप्पा, आत्ताच कशाला ते?" असेच म्हणत होते. गेल्या वर्षी लिहिलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करत आहे. का, ते पुढे येईल.

१. चाळीतली आमची खोली आणि तळमजल्यावरचा गाळा पत्नी लक्ष्मी हिला मिळावा, तिच्यानंतर मुलगा सुशांत याला. चाळीच्या जागी टॉवर उठणार असे गेली कित्येक वर्षे ऐकतो आहे. उठलाच तर तळमजल्यावर एका घोडीपुरती जागा लेखी घेतल्याशिवाय कोणी सही करू नये. बिल्डर हसेल. त्याला हसू द्यावे, कागद मात्र घ्यावा.

२. बँकेतली ठेव लक्ष्मीची. तिने आधी गुडघे दाखवून घ्यावेत. देवाला बोललेली चांदी नंतर.

३. हत्यारे. मी गिरणीत यंत्रांचे चामडी पट्टे जोडायचो. गिरणी बंद पडली तेव्हा चामडे टोचायच्या त्याच आरीने व्हिक्टोरिया बग्ग्यांच्या घोड्यांचे साज शिवू लागलो. मग व्हिक्टोरियाही गेल्या आणि ऑफिसवाल्यांच्या बॅगांचे बंद शिवायची वेळ आली. माझ्या आऱ्या, चामडे कापायची रापी, हातोड्या, सगळे शेजारच्या गाळ्यातल्या गौतमला द्यावे, त्याचा हात स्वच्छ आहे. जाड आरी माझा मित्र विकास गिरणीच्या काळात घेऊन गेला, ती अजून परत आलेली नाही. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये. म्हणून त्याला मुद्दाम साक्षीदार केले आहे.

४. आता टिकली.

ती माझ्या कमरेला लागते, एवढीच घोडी. वयाने म्हातारी होत आली तरी अनोळखी माणूस तिला शिंगरूच समजतो. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. एक व्हिक्टोरियावाला धंदा मोडून गावी निघाला, तेव्हा तिला माझ्या दारात बांधून म्हणाला, "लवूभाऊ, ही कुणाच्याच कामाची नाही." तिच्या मापाचा साज अख्ख्या मुंबईत मिळाला नसता. मी शिवला. छातीपट्टा, पोटाचा तंग, शेपटीखालची दुमची, झापडांसकट लगाम. भंगारातली सायकलची चाके लावून छोटी टमटमही बनवली.

दर गुढीपाडव्याला आमच्या चाळीची शोभायात्रा निघते. पुढे लेझीम, मध्ये टिकलीची टमटम आणि तिच्यात चाळीतली सर्वांत लहान दोन मुले. निघण्याआधी अंगणात सगळ्यांसमोर टिकलीला साज चढवून टमटमला जुंपायचे. शेवटचे बकल लागेपर्यंत ढोलावर टिपरू पडत नाही. हा मान माझा. आयुष्यात मला हार-तुरे कोणी घातले नाहीत. वर्षातून एकदा सगळी चाळ माझ्या बोटांकडे बघत उभी राहायची, तेवढे मला पुरत होते.

गेल्या वर्षी पाडव्याच्या तोंडावर खुब्याचे ऑपरेशन झाले आणि मी गॅलरीत खुर्चीवर. साज चढवायला पुढे आली आमची सून मेघना. दादरची मुलगी, परळला काचेच्या ऑफिसात नोकरी, लग्न होऊन आली तेव्हा टिकली शिंकली तरी दचकायची. तिला मी काही म्हणजे काही शिकवले नव्हते. गॅलरीत कपडे वाळत घालताना वरून बघून शिकली. आयत्या बिळावर नागोबा.

माझी पद्धत अशी की साज चढवायचा आणि घोडीला मागे रेटत रेटत टमटमच्या दांड्यांमध्ये घ्यायचे. टिकली दर वेळी पाय आपटायची, मान उडवायची. मी लोकांना सांगायचो, बघा, माझ्यापुढे नखरे करते. मेघनाने घोडीला जागेवरच उभे ठेवले, टमटम ओढत तिच्यापाशी आणली आणि दांड्या अलगद खाली घेतल्या. टिकलीने कानसुद्धा हलवला नाही. ढोलवाल्यांची तंबाखू मळून व्हायच्या आत काम संपले. चाळीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, वाजवाव्या लागल्या. अंगाचा तिळपापड झाला होता.

तेव्हापासून संध्याकाळी मेघनाची चप्पल गल्लीत वाजली की टिकलीचे कान उभे राहतात. माझ्या काठीच्या आवाजाला राहत नाहीत. मेघना ओढणीच्या टोकाला गुळाचा खडा बांधून आणते. मी उभ्या जन्मात टिकलीला लाच दिली नाही. हे लक्ष्मीला सांगितले तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "इतकी वर्सां ती माझी सवत होती. आता कळला मां तुमका, जळणा म्हणजे काय ता?"

५. मागच्या मृत्युपत्रात मी साजाची वाटणी केली होती. छातीपट्टा सुशांतला, लगाम शीवला राहणाऱ्या माझ्या बहिणीला, दुर्गाला, टमटम चाळीच्या उत्सव मंडळाला. मेघनाला फक्त अंग घासायचा खरारा. म्हणजे साज चढवायचा तर तिला तीन दारांत हात पसरावे लागले असते. लिहिले त्या रात्री मला फार शांत झोप लागली.

यंदाच्या पाडव्याला मी जाहीर केले की हे तिघे मिळून साज चढवतील, मेघनाने हात लावायचा नाही. ती "बरं अप्पा" म्हणून जिन्यापाशी जाऊन उभी राहिली.

सुशांतने तंग ढिला बांधला. मंडळाच्या पोरांनी टिकलीला माझ्या पद्धतीने रेटून दांड्यांत कोंबले. लगामात तिचा एक कान दुमडला होता, तो सोडवायला दुर्गाने सगळा लगामच झापडांसकट काढला. घोडी जुंपलेली असताना झापडं काढायची नसतात. एरवी तिला मागची गाडी दिसत नाही. टिकलीला ती एकदम दिसली आणि ती उधळली. मुले अजून चढली नव्हती हे नशीब. टमटम कलंडली आणि टिकली भिंतीला अंग लावून पानासारखी थरथरत उभी राहिली. मी काठी टेकत निघालो, पण चार पावलांत खुबा बोलला.

मी मेघनाला म्हटले, "बघतेस काय? धर तिला."

ती जागची हलली नाही. म्हणाली, "तुम्हीच हात लावू नको म्हणालात, अप्पा. आधी सांगा. लावू?"

अख्खी चाळ ऐकत होती. मी म्हटले, "लाव."

तिने टिकलीचे डोळे तळव्यांनी झाकले, गौतमला टमटम सोडवायला लावली, मग हात काढले. टिकलीने तिच्या कुशीत तोंड खुपसले. मला ते बघवेना. पण टिकली थरथरत होती तेही बघवले नव्हते, आणि दोन्हींत तिचे थरथरणे जास्त वाईट होते. म्हणून हा दुसरा कागद.

६. सबब टिकली, तिचा सगळा साज, टमटम आणि पाडव्याचा मान मी माझी सून मेघना सुशांत तोरसकर हिला देत आहे, वाटणी न करता. सुशांतने वाईट वाटून घेऊ नये. टिकलीला कोणत्या कानामागे खाजवलेले आवडते हे त्याला विचारले तर तो मोबाईलमध्ये बघेल.

अटी दोन. पैसे घेऊन कोणाला टमटमीत फिरवू नये. आणि गाडी घोडीकडे न्यायची पद्धत बरोबर असेलही, पण माझी चुकीची होती असे मी गेल्यावर वर्षभर तरी कोणी बोलू नये.

७. मला खाली अंगणात आणल्यावर टिकलीला साज चढवून, टमटमीशिवाय, मोकळी सोडावी. साज मेघनानेच चढवावा, मग तिने जिन्यापाशी जाऊन उभे राहावे आणि हाक मारू नये. टिकली माझ्याकडे आली तर विकासने ते मोठ्याने सगळ्यांना सांगावे. तिच्याकडे गेली तर कोणी काही बोलू नये, पुढचे विधी उरकावेत.

त्या दिवशी मेघनाच्या ओढणीला गूळ नसावा. लक्ष्मीने माझ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात गुळाचा खडा ठेवावा. मोठा ठेवावा. मेघनाला सांगू नये.

ठिकाण: चिंचपोकळी, मुंबई
दिनांक: १२ एप्रिल २०२६

लवू भिकाजी तोरसकर (सही)

लवूने वरील मजकूर आम्हां दोघांसमोर वाचून शुद्धीवर असताना सही केली. आरी मी परत देणार आहे.

साक्षीदार १: विकास रामचंद्र घाडी (सही)
साक्षीदार २: डॉ. विनीत प्रभाकर साटम (सही)